ट्रिप आणि टोप यांबाबत खुलासा

आचरा, रविवार, ता. ३० नोव्हेंबर १९८६.

सकाळी उठलो. विहिरीचे पाणी काढले. पेज केली, थोडी खाली लागली. दुपारी शेजारच्या मथुरावहिनीने सोलकढी पाठवली. वारा आहे. कोणी आले नाही.

तीर्थरूप भाईंच्या पायांवर धाकट्या गुरुदासचे डोके. आपला गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? जिने चढताना काठी घेता ना? येथील सर्व ठीक आहे. (सर्व म्हणजे आता मीच.)

आपले कार्ड गुरुवारी पोचले. कार्ड उघडे असते याची आपणांस कल्पना असेलच. पोस्टमनने ते वाटेत वाचले, तिठ्यावर थांबून दोघांना सांगितले, मग मथुरावहिनीला सांगितले, आणि मला दिले तेव्हा त्यातला मजकूर ठाऊक नसलेला आपल्या आळीत मी एकटाच उरलो होतो. कार्डात आपण दोन आरोप केले आहेत. पहिला असा, की गुरुदासने ट्रिप अर्ध्यावर सोडली आणि कै. सरलेला सर्वांसमक्ष दिलेला शब्द मोडला. (भटजींनी सांगितल्याप्रमाणे 'कै.' लिहीत आहे. हाताला अजून सवय नाही.) दुसरा असा, की यात्रा कंपनीचा मोठा टोप हरवला असून तो शेवटचा आपल्या घरापुढच्या खळ्यात दिसला होता. दुसऱ्याचे उत्तर लहान आहे म्हणून आधी देतो. मी शाळेच्या कचेरीत जन्म काढला. सरकारी पेन्सिलीचा तुकडा कधी घरी आणला नाही. हेडमास्तर स्वतःच्या मुलींसाठी खडूंची पेटी नेत, त्याची नोंदसुद्धा मी 'वापर' अशी करीत असे, म्हणजे दुसऱ्याच्या चोरीतही मी चोर हा शब्द वापरला नाही. अशा माणसाला, ज्यात मी स्वतः बसू शकेन एवढ्या टोपाबद्दल विचारणे, तेही कार्डावर, हे आपल्या वयाला शोभले नाही. असो.

पहिल्या आरोपाचे उत्तर सविस्तर देतो. मी फारसा बोलत नाही, त्यामुळे माझ्याबद्दलचे सर्व काही दुसरेच ठरवतात, आणि मी आक्षेप घेईपर्यंत ते होऊनही गेलेले असते. दहाव्याच्या दिवशी तेच झाले. आपणांस आठवत असेल, खाडीच्या काठी पिंड ठेवून आपण सर्व सकाळपासून उभे होतो आणि कावळा माडावरून खाली येईना. जावईबापूंनी पुढे होऊन सांगितले की यशोदेचे बाळंतपण आम्ही बांद्याला नीट करू. कावळा हलला नाही. मथुरावहिनीने सांगितले की गाय मी विकू देणार नाही. (गाय विकायची असे कोणीही म्हटले नव्हते. तेव्हापासून गावात मी गाय विकणारा ठरलो आहे.) भटजींना भूक लागली होती, ते दर्भाचा कावळा करून मोकळे होऊ म्हणू लागले. तेव्हा आपण पुढे झालात, हात जोडलेत आणि म्हणालात, "सरला, ऐक गो. गुरुदास ट्रिपेक जातलो. माझो शबूद हा. आता शिव." आणि कावळा शिवला.

यावर सर्वांनी आपली फार वाखाणणी केली. आता माझे मत लिहितो, जे मी त्या वेळी मनात ठेवले. भाई, तोवर आपण उघडी छत्री घेऊन पिंडापासून हातभर अंतरावर उभे होता. हात जोडायचे म्हणून आपण ती मिटलीत. कावळा छत्रीला भीत होता. ती मिटताच तो आला. त्या क्षणी आपण 'गुरुदास सर्कशीत जाईल' असे म्हटले असते तरी तो आला असता.

शिवाय सरलेला ट्रिपची इच्छा होती हे आपण कशावरून ठरवलेत? आपण दर मोसमात कुठेतरी जाऊन येता, आणि मग येथे येऊन पडवीत बसून सांगता. कन्याकुमारीचा सूर्य, म्हैसूरचे दिवे, हृषीकेशचा झुलता पूल. ती दाराशी उभी राहून ऐके, एवढे खरे. पण तिने विचारले काय? आपण सूर्य समुद्रात बुडवत होता आणि तिने विचारले, "भावोजी, येवढ्या माणसांचे नारळ कोण खवी?" आपण चिडला होता. दुसऱ्या वर्षी हरिद्वारच्या आरतीत मध्येच तिने विचारले, की एवढ्यांचा भात एका चुलीवर होई की दोन. आपल्याला वाटले बिचारीला ट्रिपची ओढ आहे. मला तसे कधी वाटले नाही. मला काय वाटत होते असे विचाराल, तर तेही मला नीट सांगता येत नव्हते. आपण गेल्यावर तिने दिवा लावता लावता मला विचारले होते, की चाळीस माणसे जेवायला आली तर आपल्याकडे मावतील का. मग स्वतःच हिशेब केला: खळ्यात दोन पंगती, पडवीत एक. आणि आत जाऊन आम्हा दोघांपुरते तांदूळ धुतले.

पण शब्द दिलेला होता, आणि तो साऱ्या गावाने ऐकला होता. न्हावी दाढी करताना विचारी, "मगे, ट्रिपेक कधी?" पोस्टात तेच. देवळासमोरून जावे तर पारावरून तेच. छत्रीची गोष्ट मला खरी वाटत होती; पण ती खोटी निघाली तर काय, हा विचार मला झोपू देईना. माणूस गेल्यावर त्याला फसवायचे नसते. म्हणून मी आपणांस कळवले की जातो.

आता आपण केलेल्या निवडीबद्दल. वर्ष सरले नाही, देवाची पायरी चढता येत नाही, म्हणून काशी नको, तिरुपती नको, पंढरपूर नको, हे मला मान्य. पण जिथे देव नाही अशी भारतातील ठिकाणे बाद करत करत आपण शेवटी 'कोकण दर्शन' ठरवलेत. भाई, मी कोकणात राहतो. मी आपणांस लिहिले की तर मग कणकवलीला हमरस्त्यावर उभा राहून बसमध्ये चढतो. आपण उलट टपाली कळवलेत की अर्ध्या वाटेत चढलास तर ती ट्रिप नव्हे, ती लिफ्ट, आणि सरलेला मी लिफ्टचा शब्द दिलेला नाही. तेव्हा मी रात्रभर एस.टी.त हाडे खिळखिळी करत मुंबईला आलो, आणि दुसऱ्या सकाळी जिथून आलो तिथेच जाण्यासाठी दुसऱ्या गाडीत बसलो. आपण नारळ फोडायला आला होता. तो गाडीखाली गेला, फुटला नाही, आणि आपण पुन्हा फोडेपर्यंत सर्व प्रवासी माझ्याकडे बघत होते.

बसमध्ये प्रथम प्रत्येकाला एक पिवळी टोपी देण्यात आली, म्हणजे माणूस हरवल्यास सापडावा. मॅनेजर गंगाराम म्हणून आहे, त्याच्या गळ्यात शिट्टी असते. माइकवर तो पुस्तकातले मराठी बोलतो आणि माइक बाजूला करून आचारी बाबलीशी मालवणी. त्याने ओळखीचा कार्यक्रम केला. नाव, छंद आणि आवडते गाणे सांगायचे. मी नाव सांगितले आणि बसलो. गाव कोणी विचारले नाही. मुंबईत चढलेला माणूस मुंबईचाच. माझ्या शेजारी पार्ल्याच्या नीरजाताई होत्या, निवृत्त शिक्षिका. बाई स्वभावाने चांगल्या, पण गप्प बसलेला माणूस त्यांना बघवत नाही. त्यांनी मला आलेपाक दिला आणि विचारले, "एकटेच?" मी हो म्हटले. "कोकण पाहिलंय कधी?" मी थोडेसे म्हटले. तेवढ्यावर त्यांनी मला महाडपासून राजापूरपर्यंत कोकण समजावून सांगितले. फोंडाघाटाला त्यांनी आंबोली म्हटले तेव्हा मी बोलणार होतो, पण तेवढ्यात भेंड्या सुरू झाल्या. भेंड्यांत मला 'ळ' आला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणकेश्वरला सर्व खाली उतरले. मला पायरी चढायची नव्हती म्हणून मी बाहेर समुद्राकडे तोंड करून बसलो. कारण कोणाला सांगितले नाही. कशाला सांगायचे? मी बसलेला दिसताच नीरजाताईंनी चपला माझ्याजवळ ठेवल्या, त्या बघून दुसऱ्यांनी ठेवल्या, आणि थोड्या वेळाने माझ्याभोवती सबंध बसच्या चपला होत्या. दुसऱ्या एका गाडीतले लोक आले, त्यांनीही ठेवल्या. एकाने वर येताना माझ्यापुढे सुटे पैसे टाकले. मी पिवळ्या टोपीत होतो. भाई, मी आपणांस विचारतो, की हेच दर्शन आपण सरलेला कबूल केले होते का?

तिथून बस आचऱ्याला आली. मला वाटले होते की तिठ्यावरून सरळ मालवणला जाईल. ती आपल्या आळीत वळली. मी टोपी डोळ्यांवर ओढली. बस आपल्या कुंपणाच्या बेड्याशी थांबली आणि गंगारामने माइक हातात घेतला. "मंडळी, डाव्या हाताला बघा. अस्सल जुनं कोकणी घर. दाराला कुलूप. मालक मुंबईत मजेत, आणि इथे तुळस पाण्यावाचून सुकतेय." (तुळस सुकलेली नाही. मथुरावहिनी रोज पाणी घालत होती.) सर्वांनी हळहळ व्यक्त केली. नीरजाताई मला म्हणाल्या, "कसं राहवतं हो या लोकांना घर टाकून?" मी म्हटले, खरे आहे.

मग मला कळले की बस बघण्यासाठी थांबलेली नसून जेवणासाठी थांबली होती. या कंपनीत आचारी आणि भांडी बरोबर असतात. विहीर, सावली आणि विचारायला कोणी नसलेले घर दिसले, की तिथे चूल पेटते. गंगाराम बाबलीला म्हणाला, "ह्या बरां हा. धनी मुंबयक, कोण विचारणारो नाय." माणसे खाली उतरली. कोणी विहिरीवर पाय धुऊ लागले, कोणी तुळशीशी उभे राहून फोटो काढून घेऊ लागले, दोघे माझ्या पडवीत आडवे झाले. बाबली मागीलदारी गेला आणि त्याला भात उकडायची ती मोठी चूल सापडली. दोन माणसांच्या घरात एवढी चूल कशाला, असे मी दर वर्षी सरला ती सारवताना म्हणत असे. बाबली तिच्याभोवती एकदा फिरला, वाकून आतून हात फिरवला आणि म्हणाला, "चूल बरी घातलेली हा. बायलमाणूस शाणा होता." मी पडवीच्या कडेला बसलो होतो. तोंडात आलेपाक होता.

तेवढ्यात मथुरावहिनी कोयता घेऊन धावत आली. शेजारच्या भावकीतली म्हणून किल्ली मी तिच्याकडे ठेवली होती, आणि ती राखण तिने किती मनावर घेतली होती ते त्या वेळी दिसले. "कोण रे ते? घरात कोण नाय म्हणान गाव मोकळो पडलो काय?" गंगारामने तिला समजावले, की गे बाय, जेवतलंव, झाडून-पुसून जातलंव. ती म्हणाली, "झाडून जातलास? तुझ्या आवशीचा घर हा? आमचे भावोजी मुंबयक गेलेहत. येंवदेत ते, मगे बघतंय एकेकाक." आणि एकेकाला बघत बघत तिची नजर माझ्यापर्यंत आली.

कोयता खाली गेला. मग ती म्हणाली, "भावोजी, तुमी हेंच्यात?"

मी हो म्हटले.

"आणि ही टोपी?"

मी म्हटले, कंपनीची.

तिने कमरेची किल्ली काढून दिली. मी उठून माझ्या दाराचे कुलूप काढले. गंगारामच्या तोंडात शिट्टी होती, ती थोडीशी वाजली. तो म्हणाला, "काका, सांगायचं नाही का हो?" मी म्हटले, तुम्ही विचारले नाही. पडवीतले दोघे उठून बसले. नीरजाताईंनी आत बघितले, भिंतीवरचा हार घातलेला फोटो त्यांना दिसला, आणि त्यांनी चपला काढल्या. ट्रिप सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदाच गप्प झाल्या. मला ते बरे वाटले नाही. मी त्यांना म्हटले, खवणी आत आहे.

भाई, एवढ्या माणसांचे नारळ कोण खवते, या प्रश्नाचे उत्तर आता मी देऊ शकतो. पाळीपाळीने सर्व बायका खवतात, आणि प्रत्येकीला वाटते की आधीची जाड खवत होती. भात एका चुलीवर होतो, चूल तेवढी असेल तर. मथुरावहिनीने बाबलीला बाजूला करून आमटीत स्वतः कोकम घातले, त्याला न विचारता. दोघांचे त्यावरून भांडण झाले, ते अजून मिटलेले नाही. आणि खळ्यात दोन पंगती बसल्या, पडवीत एक. मी मोजत नव्हतो. पण पडवीतल्या पंगतीत शेवटच्या माणसाने पान मांडले तेव्हा पुढे जागा उरली नाही, आणि कोणी उभेही राहिले नाही.

वाढायच्या आधी मी एका पानावर भात, आमटी, भोपळ्याची भाजी घेतली आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवायला गेलो. रोज ठेवतो, त्यात विशेष काही नाही. ऊन होते म्हणून नीरजाताई माझ्या मागोमाग छत्री धरून आल्या. मी काही कबूल केले नाही. तोंडातून शब्द काढला नाही, हातसुद्धा जोडले नाहीत, हातात पान होते. ते खाली ठेवून बोटे काढतो न काढतो तोच कावळा आला. माझ्या हाताशेजारी बसून खाऊ लागला. मी पिवळ्या टोपीत होतो.

छत्री उघडी होती, भाई.

जेवणे झाली. गंगारामने शिट्टी मारली, माणसे बसमध्ये चढली. पुढे मालवण होते, मग किल्ला, मग बांद्यावरून गोवा. तो मला हाक मारायला आला, "काका, चला." मी म्हटले, मी पोचलो. त्याने पुन्हा विचारले नाही. नीरजाताईंनी खिडकीतून हात केला आणि उरलेला आलेपाक दिला.

तेव्हा ट्रिप अर्ध्यावर सुटली हे खरे. बसच्या हिशेबाने सुटली. शब्द मोडला हे मात्र मला मान्य नाही, आणि ज्याने तो दिला त्याने तसे लिहावे हे तर मुळीच मान्य नाही. तिला बसमध्ये बसायचे नव्हते. एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते सांगायला मला चार पाने लागली याचे कारण आपण मला कधी मध्ये बोलू दिलेले नाही. यापुढे असा आरोप करायचा झाल्यास पाकिटात करावा.

वहिनींस नमस्कार सांगावा. गुडघ्याला खोबरेल कोमट करून चोळावे. ती तसेच सांगे.

आपला आज्ञाधारक,
गुरुदास

ता. क. पिवळी टोपी परत मागितली असल्यास, ती मी दुपारी पाणी काढताना घालतो. ऊन डोळ्यांवर येत नाही. देता येणार नाही.

ता. क. २. गंगारामला निरोप द्यावा की, मे महिन्यात त्याची बस कोकणात येणार असेल तर त्याने बंद घरे शोधत फिरू नये. येथे कुलूप नसते. येण्याची तारीख आधी कळवावी, म्हणजे नारळ सोलून ठेवता येतील आणि विहीर उपसून घेता येईल. हे मात्र कार्डावर लिहिले तरी चालेल. उलट कार्डावरच लिहावे, म्हणजे मथुरावहिनीला मला वेगळे सांगावे लागणार नाही. आंब्याची डाळ करायची म्हणते आहे. बाबलीने त्यात लक्ष घालू नये.

ता. क. ३. टोप येथे आहे. बाबली विसरला असे वर मी कुठेही लिहिलेले नाही, तपासून पाहावे. बस निघायच्या वेळी मी तो गवताच्या उडवीमागे नेऊन ठेवला होता. तो पोस्टाने पाठवता येत नाही. एस.टी.चा कंडक्टर घेणार नाही. (विचारलेले नाही.) ज्याला हवा असेल त्याने बस घेऊन यावे. राखेने घासून स्वच्छ केला आहे. संध्याकाळी दव पडू लागले, म्हणून आत्ताच तो पडवीत आणला. एकट्याला उचलत नाही, लोळवत आणावा लागतो. आत थोडे पाणी राहिले होते, ते तुळशीला घातले.